रंगांचे पाठभेद : लढाऊ विमानांच्या प्रतिकृती आणि त्यांचे छद्मावरण

जुन्या पोथीतील एका शब्दावरून विद्वानांत वर्षानुवर्षे वाद चालावा, याचे साहित्याच्या अभ्यासकांना नवल वाटत नाही. किंबहुना अशा वादांवरच आपल्या विद्याशाखेचा मोठा भाग उभा आहे. परंतु तळहातावर मावेल एवढ्या प्लास्टिकच्या विमानाचे पोट नेमक्या कोणत्या रंगाने रंगवावे यावरून तितक्याच हिरिरीने, तितकाच पुरावा मांडून भांडणारी माणसे जगभर आहेत, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नसते. ठाऊक असलेच तर मोठ्या माणसांचा पोरखेळ म्हणून ते हसण्यावारी नेले जाते. आम्ही मराठीचे अध्यापक. विमानविद्येत आम्हांला गती नाही. तरीही या छंदाविषयीचे लेखन वाचताना आम्हांला वारंवार आपलेच घर दिसत राहिले. संहिता, पाठभेद, प्रक्षेप, प्रमाण प्रत हे सगळे तिथे आहे; शब्दांच्या जागी रंग आहेत, एवढेच.

आमचे म्हणणे असे, की प्रतिकृतीवर दिलेला प्रत्येक रंग हे भूतकाळाविषयीचे एक विधान असते आणि त्याला पुरावा मागता येतो. नेहमीच्या नियमांत न बसणाऱ्या चमत्कारिक रंगसंगतीच्या बाबतीत तर हा पुरावा अधिकच काटेकोरपणे मागावा लागतो. तो का, हे पुढे येईलच.

प्रथम छंदाच्या इतिहासाविषयी थोडेसे. एकास बहात्तर, म्हणजे सहा फुटांना एक इंच, हे प्रमाण ब्रिटनमध्ये १९३०च्या दशकात ‘स्कायबर्ड्स’ या लाकडी संचांनी रूढ केले. १९३६ साली ‘फ्रॉग’ने ‘पेंग्विन’ या नावाने त्याच प्रमाणातले प्लास्टिकचे संच आणले आणि ‘एअरफिक्स’ची पहिली स्पिटफायर १९५३ साली आली. या दोन टप्प्यांच्या मध्ये एक प्रकरण घडले, ते मात्र रेंगाळून सांगण्याजोगे आहे. १९४२च्या आरंभी अमेरिकी नौदलाने देशभरातील शाळांकडे विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागितल्या. पन्नास प्रकारची विमाने, प्रत्येकाच्या दहा हजार प्रती. शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते हे सैनिकांना क्षणार्धात ओळखता यावे, यासाठी त्या हव्या होत्या. मुलांनी हस्तव्यवसायाच्या तासाला त्या कोरल्या, घासल्या आणि आदेशाप्रमाणे सगळ्या काळ्या रंगाने रंगवल्या. आकाशात उंचावरचे विमान काळ्या आकृतीसारखेच दिसते. तिथे रंगाचा उपयोग नाही, उलट रंग फसवतो. ज्या छंदाचा पुढे रंग हाच प्राण ठरला, त्याच्या आयुष्यात असा एक पूर्ण काळा अध्याय आहे.

आता रंगांकडे वळू. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश विमानांच्या पोटाला ‘स्काय’ नावाचा एक रंग असे. नाव आकाशाचे, पण रंग निळा नव्हे. पोपटी आणि मलईच्या मधला, अगदी फिका हिरवट. या रंगाच्या जन्मकथेत एक भारतीय संस्थानिक येतात, म्हणून ती आपल्या वाचकांना सांगितली पाहिजे. सिडनी कॉटन हे ऑस्ट्रेलियन वैमानिक लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावरून काम करीत. त्यांच्या आठवणींत असे येते, की जोधपूरच्या महाराजांचे खासगी विमान तिथून उडताना त्यांनी पाहिले. ते फिक्या हिरवट रंगाचे होते आणि बघता बघता आकाशात विरून गेले. महाराजा उमेदसिंह यांचे विमानप्रेम प्रसिद्धच होते. विमान दिसू नये असा त्यांचा हेतू असण्याचे काहीच कारण नव्हते. संस्थानिकाचे विमान तर दिसण्यासाठीच असायचे. पण कॉटन यांनी त्यातला उपयोग हेरला आणि ‘कॅमोटिंट’ या नावाने तो रंग तयार करवून घेतला. १९३९च्या शरद ऋतूत त्यांनी स्पिटफायर विमानांतील तोफा काढून टाकून तिथे कॅमेरे बसवले, सांधे बुजवून पृष्ठभाग गुळगुळीत केला आणि वर हा रंग दिला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला अशा स्पिटफायरने पहिले टेहळणी उड्डाण केले.

पुढे हाच रंग ‘स्काय’ या नावाने अधिकृत झाला आणि जून १९४०मध्ये सर्व लढाऊ विमानांच्या पोटाला तो द्यावा असा आदेश निघाला. आता खरी गंमत सुरू होते. तोवर या विमानांचे पोट उभे दुभागून एका बाजूला काळे व दुसऱ्या बाजूला पांढरे रंगवले जाई, म्हणजे जमिनीवरच्या आपल्याच तोफांनी ते पाडू नये. आदेश आला, रंग मात्र पुरेसा आला नाही. कित्येकांना हा रंग कसा दिसतो हेही माहीत नव्हते. आकाश म्हटल्यावर कोणी आकाशी निळा मिसळला, कोणी बदकाच्या अंड्यासारखा निळसर, कोणी हिरवट. ब्रिटनची लढाई ज्या महिन्यांत लढली गेली, नेमक्या त्याच महिन्यांत आदेशातला रंग एक आणि विमानावरचा रंग दुसरा, असे सर्रास घडत होते. १९४०च्या अखेरीस डाव्या पंखाचे पोट पुन्हा काळे करण्याचा आदेश आला आणि गोंधळात आणखी भर पडली.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे चित्र परिचयाचे वाटेल. आदेश ही मूळ संहिता. तळावरचा रंगारी हा लिपिक. लिपिकाला शब्द कळला नाही की तो जवळचा, ओळखीचा शब्द घालतो. ‘स्काय’चे आकाशी झाले ते असेच. प्रतिकृती करणाऱ्यांमध्ये सरळ दोन पक्ष पडतात. आदेश प्रमाण मानणारे, आणि एका विशिष्ट दिवशी विशिष्ट तळावर उभ्या असलेल्या विशिष्ट विमानाचा रंग शोधणारे. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. आदेशावरून सैन्याची इच्छा कळते. इतिहास जाणून घ्यायचा तर रंगाच्या डब्यात प्रत्यक्ष काय होते ते पाहावे लागते.

टेहळणीच्याच स्पिटफायरची दुसरी, अधिक प्रसिद्ध रंगकथा गुलाबीची. उंचावरून छायाचित्रे घेणाऱ्या विमानांना गडद निळसर रंग दिला जाई. पण काही कामे ढगांच्या थराखालून, कमी उंचीवरून करावी लागत. ढगांची पांढुरकी पार्श्वभूमी आणि पहाटेचा किंवा संध्याकाळचा प्रकाश यांत निळे विमान ठळक उठून दिसते, फिके गुलाबी दिसत नाही. म्हणून ही विमाने गुलाबी केली गेली. १९४४ साली १६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची अशी गुलाबी विमाने पश्चिम युरोपवर उडत होती. युद्धाच्या रौद्र चित्रात हा रंग इतका विसंगत वाटतो, की प्रतिकृती करणाऱ्यांना त्याचा मोह न पडता तरच नवल. पण मोहाने रंग बिघडतो. गुलाबी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राणी रंग येतो किंवा गुलाबाची पाकळी. मूळ रंग अबोलीहूनही कितीतरी फिका, जवळजवळ मळक्या पांढऱ्यासारखा होता. शेजारी शुभ्र कागद धरला तरच त्यातला गुलाबीपणा जाणवावा असा. प्रदर्शनांत दिसणाऱ्या बऱ्याचशा गुलाबी स्पिटफायर वास्तवापेक्षा फार गुलाबी असतात.

इथे आपल्या शास्त्रातला एक नियम तपासून पाहण्याजोगा आहे. दोन पाठांपैकी अवघड पाठ अधिक विश्वसनीय मानावा, असे संहितासंपादक मानतात. कारण लिपिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही या विवेकाला मोठे स्थान आहे. प्रतिकृतींच्या जगात मात्र हा नियम उलटण्याची शक्यता असते. तिथे चमत्कारिक रंगाला बाजार आहे. खोक्यावर छापायला, डेकलच्या पट्टीवर द्यायला, स्पर्धेच्या मेजावर उठून दिसायला वेगळे काहीतरी हवे असते. त्यामुळे एखाद्या धूसर छायाचित्रातली सावली हा पट्टा ठरतो, धुळीचा डाग ही रंगाची छटा ठरते. तिथला लिपिक सोप्याचेच अवघड करतो. विचित्र पाठ खरा असू शकतो, गुलाबी स्पिटफायर खरीच होती. पण विचित्र असणे हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा मानता येत नाही.

मग पुरावा कशाला म्हणावे? छायाचित्रे आहेत, पण ती बहुतेक कृष्णधवल. त्यातही जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंगाची जाणीवच नसे. लाल तिच्यावर काळा उमटे, पिवळा अपेक्षेहून गडद आणि निळा फिका. पहिल्या महायुद्धातील विमानाच्या चित्रावरून ‘हा गडद भाग काळा असावा’ असे म्हणणारा मनुष्य लाल रंगाला काळा म्हणत असण्याचा संभव असतो. अलीकडे संगणकाने रंगवलेली जुनी छायाचित्रे सर्वत्र फिरतात. त्यांतले रंग यंत्राने अंदाजाने भरलेले असतात. पुरावा म्हणून त्यांची किंमत शून्य. तरी ती पाहून विमाने रंगवली जातात, आणि मग ती प्रतिकृतीच पुढच्या माणसाचा आधार बनते. प्रक्षेप संहितेत शिरतो तो याच वाटेने.

शब्दांचा पुरावा हा आपला प्रांत, आणि इथे जपानी नौदलाच्या झीरो विमानाचे उदाहरण विलक्षण आहे. पर्ल हार्बरवर १९४१ साली गेलेली झीरो विमाने अनेक वर्षे फिक्या राखाडी, जवळजवळ पांढऱ्या रंगात दाखवली जात. पण १९४२च्या एका जपानी नौदल अहवालात या विमानांचा रंग राखाडी, किंचित ‘अमेइरो’कडे झुकणारा, असा वर्णिलेला आढळला, आणि या एका शब्दाने मोठे वादळ उठवले. ‘अमे’ म्हणजे धान्याच्या पिष्टापासून केलेला पारदर्शक गोड पाक किंवा त्याची मिठाई. ‘इरो’ म्हणजे रंग. इंग्रजी अनुवादात त्याचे कॅरॅमल झाले आणि काही काळ तपकिरी झीरो तयार झाल्या. उद्या एखाद्या मराठी कागदात ‘राखी, थोडा काकवीकडे जाणारा’ असे आढळले तर परभाषकाने काय समजावे? काकवी काळपट की सोनेरी? भांड्यातली की बोटावरून ओघळणारी? शिवाय वाक्यातला मुख्य शब्द राखाडी आहे. काकवीकडे तो नुसता झुकतो, तिथे पोहोचत नाही. विमानांच्या सापडलेल्या तुकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना राखाडीत मिसळलेली हिरवट-पिवळसर छटा दिसली. ती मूळ रंगाची किती आणि काळाने पिवळ्या पडलेल्या थराची किती, हा पुढचा वाद.

या प्रकरणात एक हळहळ लावणारी गोष्ट आहे. जून १९४२मध्ये अल्यूशियन बेटांपैकी अकुतानवर एक झीरो दलदलीत उलटून पडले. वैमानिक मृत्यू पावला, विमान जवळजवळ शाबूत राहिले. अमेरिकनांनी ते काढून सॅन दिएगोला नेले, दुरुस्त केले आणि त्याच वर्षी उडवलेही. उडवण्याआधी त्यावर अमेरिकी चिन्हे व अमेरिकी रंग चढले. त्यांना विमानाचे गुणदोष हवे होते. आठ दशकांनंतर कोणाला त्याच्या रंगाची विवंचना पडेल, हे त्यांच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. पोथीचा कागद कोरा करून त्यावर हिशेब लिहावेत, तसे झाले.

सर्वांत देखणा आणि करणाऱ्याला सर्वांत छळणारा प्रकार मात्र पहिल्या महायुद्धातला. जर्मनांनी विमान रंगवण्याऐवजी विमानाचे कापडच छापून घ्यायला सुरुवात केली. चार किंवा पाच रंगांचे अनियमित बहुकोन, निळे, जांभळे, हिरवे, मातकट पिवळे, एकमेकांना चिकटून छापलेले; वरच्या बाजूसाठी गडद छटा, खालच्या बाजूसाठी फिक्या. रंगाचे वजन वाचले, रंगवण्याचा वेळ वाचला. छिटाचे कापड गिरणीतून ताग्याने यावे तसे हे छद्मावरण ताग्यांनी येई, पंखाच्या सांगाड्यावर ताणून शिवले जाई आणि त्याच ताग्याच्या अरुंद पट्ट्या कापून फासळ्यांवर चिकटवल्या जात. तागा सुमारे १३५ सेंटिमीटर रुंद. एकास बहात्तर प्रमाणात तो पावणेएकोणीस मिलिमीटर भरतो. तेवढ्या रुंदीत सगळे बहुकोन, शेजारच्या पट्टीशी त्यांची जुळणी, वर फासळ्यांवरच्या केसाएवढ्या पट्ट्या! हाताने हे रंगवणे जवळजवळ अशक्य. म्हणून डेकलचे तागे वापरतात, पाण्यात भिजवून एकेक पट्टी सरकवत बसवतात. एका पंखाला एक संध्याकाळ सहज जाते.

पण डेकल छापणाऱ्याने ते रंग कुठून घेतले? कापड उन्हाने विटते, वार्निशने पिवळे पडते, रंगद्रव्ये एकमेकांआधी उडतात; शंभर वर्षांनंतरचा जांभळा कदाचित तपकिरी झालेला असतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतात नोल्टन नावाचे लहानसे गाव आहे. युद्धात हस्तगत केलेले एक फोकर डी-सात विमान तिथल्या एका सिनेटरच्या खटपटीने विजयचिन्ह म्हणून त्या गावाला मिळाले आणि गावच्या संग्रहालयात राहिले. त्याचे मूळ छापील कापड अजून अंगावर आहे. मोठ्या राजधान्यांतील संग्रहालयांनी आपापली विमाने निगुतीने दुरुस्त केली, नवे कापड चढवले. गावाने काही केले नाही म्हणून मूळ पाठ वाचला. जीर्णोद्धाराचा अतिउत्साह आणि देवळांचे जुने दगड यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगणे न लगे.

या छंदावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो टाळण्याजोगा नाही. हे सगळे सौंदर्य माणसे मारण्याच्या यंत्रांचे आहे. गुलाबी स्पिटफायरने आणलेल्या छायाचित्रांवरून बाँब कुठे टाकायचे ते ठरत असे. जर्मनीत कायद्याने नाझी चिन्हाच्या प्रदर्शनावर बंदी आहे, म्हणून तिथल्या संचांत जर्मन विमानांच्या शेपटीवरचे ते चिन्ह दिलेलेच नसते, किंवा दोन तुकड्यांत छापलेले असते. जुळवायचे तर ज्याने त्याने आपल्या घरी जुळवावे. आपल्या उंबऱ्यावरचे स्वस्तिक वेगळे, हे सांगायला नकोच. काही जण ते चिन्ह न लावता विमान पुरे करतात, काही म्हणतात की ते गाळणे म्हणजे इतिहासाला रंगसफेदी करणे. आम्हांला दुसरे म्हणणे अधिक पटते, पण एका अटीवर. चिन्ह लावणाऱ्याने त्या विमानाने काय केले तेही सांगितले पाहिजे. रंगाच्या छटेवर दहा पाने लिहून खालच्या शहरावर एक ओळही न लिहिणारे लेखन या क्षेत्रात विपुल आहे, आणि ते वाचताना अस्वस्थ व्हायला होते.

आपल्या आकाशाकडे येताना ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून यावे लागते. ब्रिटिश विमानांच्या वर्तुळचिन्हाच्या मध्यभागी लाल ठिपका असे. जपानी विमानांवर संपूर्ण लाल गोळा. घाईत पाहणाऱ्याला लाल तेवढे दिसे आणि आपलेच विमान पाडले जाण्याची भीती. म्हणून १९४२पासून या आघाडीवरच्या विमानांवरचा लाल रंग काढून टाकला गेला. आधी मध्यभागी पांढरा आला, पुढे गडद निळ्यात फिका निळा. १९४४ साली इंफाळच्या लढाईत स्क्वाड्रन लीडर अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची हरिकेन विमाने उडाली, ती या निळ्या काळात. जुन्या लालावर चढवलेला नवा रंग, तळागणिक बदलणारा चिन्हाचा आकार, पावसाने आणि उन्हाने उडालेले पोपडे, हे सगळे या विमानांच्या प्रतिकृतीत दाखवता येते. दाखवणारे थोडे, बाजारातले बहुसंख्य संच युरोपच्या आकाशासाठी असतात.

१९७१चे उदाहरण त्याहून जवळचे आणि आमच्या मते अधिक तातडीचे आहे. मिग-२१ एफएल ही विमाने आपल्याकडे नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार होऊ लागली होती. ती चकचकीत, उघड्या धातूच्या रंगाची असत. पश्चिमेच्या सपाट प्रदेशात आणि पूर्वेच्या हिरव्या मुलखात अशी चांदीसारखी विमाने जमिनीवर उभी राहिली तर शत्रूला वरून दुरूनही दिसावीत. म्हणून युद्धाच्या सुमारास ती तळातळांवर रंगवली गेली, आणि इथे एकच एक ठरलेला नमुना राहिला नाही. कुठे चंदेरी अंगावर हिरवे फराटे, कुठे ठिपके, कुठे सगळे अंगच गडद. एका स्क्वाड्रनची विमानेही एकमेकांसारखी नाहीत. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या राज्यपाल भवनावर अग्निबाण सोडणारी मिग विमाने याच काळातली. सप्टेंबर २०२५मध्ये चंदीगडला मिग-२१चा शेवटचा निरोप झाला, तेव्हा आठवणींचा पूर आला. वैमानिकांविषयी, अपघातांविषयी, पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले. ते फराटे मारणाऱ्या हातांविषयी मात्र आमच्या वाचनात फारसे काही आले नाही. तेव्हा विशीत असलेले तळावरचे तंत्रज्ञ आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. कुंचला होता की फवारा, रंग भांडारातून आला की गावातल्या दुकानातून, नमुना कोणी आखला की ज्याच्या मनाला येईल तसा रंगला, हे सांगू शकणारी माणसे तीच. गावोगावच्या महाविद्यालयांत आपण ओव्या आणि लोककथा गोळा करायला विद्यार्थी पाठवतो. निवृत्त वायुसैनिकांकडेही एखादी तुकडी पाठवायला हरकत नाही.

तोवर अशा मिगची प्रतिकृती करणाऱ्यापुढे बहुधा एखाददुसरे कृष्णधवल छायाचित्र असते, आणि त्यात विमानाची डावी बाजू दिसत असते. उजवी बाजू कशी होती ते त्यात नसते. डाव्या बाजूचेच फराटे उलटे करून उजवीकडे उतरवावेत, तर हाताने घाईत मारलेले फराटे असे आरशातल्यासारखे जुळत नाहीत. नवे कल्पावेत, तर तो आपला प्रक्षेप. रंगवावे तर लागतेच, विमान अर्धे ठेवता येत नाही. आमची सूचना एवढीच, की विमानाखालच्या लाकडी पाटीवर नाव आणि साल लिहितो तिथेच, बारीक अक्षरांत का होईना, एक ओळ लिहावी : डावी बाजू छायाचित्रावरून, उजवी अंदाजाने.